पांढरी चार

आमचं दुकान पेट्यांचं.
भाता, सूर, चामडं, खिळे, वडिलांपासून एवढंच.
पियानो पहिल्यांदा उघडा पाहिला तो कॅम्पात,
ईस्ट स्ट्रीटच्या मागे, दुसऱ्या मजल्यावर,
मिल्का झिराडकरांच्या घरी.
मी दारातूनच म्हणालो, मला यातलं येत नाही.
'ऐकू येतं ना?' बाई म्हणाल्या. 'मग चप्पल काढ नि ये.'

पोटात पंधराचा बल्ब, चोवीस तास जळता,
ओल धरू नये म्हणून.
फेल्टला कसर लागलेली.
दोनशेच्या वर तारा, आणि प्रत्येकीचं
काहीतरी म्हणणं.

तारा ओढायला तास-तास लागतात.
तेवढ्यात माणूस बोलतं.
वडील खडकीला, दारूगोळ्याच्या कारखान्यात.
शिकवलं कॉन्व्हेंटातल्या एका सिस्टरनं, हातात रूळ घेऊन:
डावा हात चुकला की डाव्या हातावर.
रात्री शॉर्टवेव्हवर खरखरीतून जे सापडायचं
ते सकाळी त्याच पियानोवर,
सिस्टर प्रार्थनेला गेली की.

सोळाव्या वर्षी रेल्वे इन्स्टिट्यूटच्या नाचाला बसवलं,
नेहमीचा वाजवणारा पिऊन पडला म्हणून.
एका रात्रीपुरतं.
ती रात्र एकवीस वर्षं चालली.

पाटीवर लिहिलेलं असायचं:
फुर्तादो अँड हिज बॉईज.
'त्यातली एक बॉय मी,' बाई हसल्या,
'पगार तीस रुपये कमी.
आणि साडीत पेडल दाबून बघ एकदा.'

मी विचारलं, हे जॅझ म्हणजे नक्की काय?
'तुम्ही समेवर येता ना? आम्हीही येतो.
दार उघडं असलं तरी खिडकीतून.'

भाऊ लोदला गेला, मग आई, मग मावश्या.
पियानो जहाजातून जाणार नाही म्हणून थांबले,
असं त्या सगळ्यांना सांगायच्या.
मला एकदा, बल्ब बदलताना, म्हणाल्या,
'जात होता रे. मी भाव काढला होता.'

मग हॉटेलात कॅसेट आली.
मग हॉटेलच गेलं.
मग शिकवण्या: बदलीवर आलेल्या मेजरांच्या मुली,
दोन वर्षं, तीन वर्षं, ट्रंका भरल्या की संपलं.

मधल्या सप्तकातली पांढरी चार वाजायची नाही.
नुसती खाली जायची, लाकडाचा टक् आवाज.
एका दिवाळीत मी न विचारता दुरुस्त केली.
हातोडी नवी, फेल्ट नवं, पैसे नाही घेतले.

बाई बसल्या. चार मात्रा वाजवल्या. थांबल्या.
पुन्हा त्याच चार.
'कुणी सांगितलं होतं तुला?'
अकरा वर्षं त्या जागेवरून
त्या उडी मारून जात होत्या;
नवं जे काही सुचलं, ते त्या उडीत.
आता तिथे सूर होता,
भरल्या घरात मध्येच ठेवलेल्या स्टुलासारखा.
'काढ,' म्हणाल्या.
काढली.
आणि मग जे वाजवलं त्यांनी,
ते मला सांगता येत नाही. मी पेटीवाला.
एवढंच, की त्या टक् ला
मी मान हलवली, जशी समेला हलते.

आता पियानो वानवडीच्या एका शाळेत आहे.
बाईंची भाची लोदहून आली होती, तिनं दिला.
परवा तिथल्या मॅडमचा फोन:
सगळं ठीक आहे काका, फक्त एक पट्टी मुकी आहे,
मुलं हसतात.

हातोडी माझ्या खणात आहे,
वर्तमानपत्रात गुंडाळलेली, सुतळी बांधलेली.
पंधरा मिनिटांचं काम.

उद्या येतो म्हणालो.
तीन आठवडे झाले.